फुकटची हवा

माझ्या पुस्तकांच्या कपाटात भोक पडलेला एक पिस्टन आहे. पाहुणे त्याला पेपरवेट समजतात. 1999 साली पुण्यात अभियांत्रिकी शिकत असताना आम्ही तिघा मित्रांनी जुन्या बाजारातून, अपघातात मोडलेल्या एका डिझेल गाडीचा टर्बो आणला होता. तिघांपैकी एकाच्या वडिलांच्या फियाटला तो बसवायला आम्हाला चार महिने लागले. पाइप वाकवून घेणे, ब्रॅकेट वेल्ड करणे, कार्बोरेटरभोवती हवाबंद डबा बनवणे, टर्बोला तेल पोचवण्यासाठी नळी काढणे अशी सगळी कामे आम्हीच केली. एका रविवारी पहाटे गाडी कात्रजच्या घाटात नेली. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला, तेव्हा काही क्षण काहीच झाले नाही. मग एक बारीक शिट्टी ऐकू आली आणि मागून कोणी ढकलावे तशी ती म्हातारी गाडी सुटली. असा आनंद मला पुढे पदवी मिळाल्यावरही झाला नाही. तो दीड-दोन मिनिटे टिकला. बॉनेटखालून पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळावेत तसा आवाज आला, पाठोपाठ धूर आला आणि इंजिन बसले.

गाडी टो करून गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रींनी हेड उघडले, तिसऱ्या सिलिंडरमध्ये बॅटरीचा उजेड टाकला आणि आम्हाला विचारले, "एवढी हवा कोंबलीत, तिची गरमी कुठं जाणार याचा विचार केला होतात का?"

आम्ही केला नव्हता. पुढे या यंत्राचा इतिहास वाचायला लागलो, तेव्हा लक्षात आले की आमच्यापेक्षा कितीतरी शहाण्या, पगारी आणि प्रयोगशाळा दिमतीला असलेल्या माणसांनाही हा प्रश्न पुरता सुटायला पाऊणशे वर्षे लागली. त्या पाऊणशे वर्षांविषयी हे लिहितो आहे.

इंजिनाची ताकद पेट्रोलवर ठरते असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात अडचण हवेची असते. पेट्रोल हवे तेवढे ओतता येते, पण ते जाळायला हवा लागते, आणि साधे इंजिन पिस्टन खाली जाताना जेवढी हवा आपसूक आत येईल तेवढ्यावरच भागवते. सिलिंडर मोठा करा किंवा इंजिन जास्त वेगाने फिरवा, हे दोन मार्ग झाले. तिसरा मार्ग म्हणजे हवा दाबून आत भरणे. विंटरथूर इथे जन्मलेला स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने 1905 साली या तिसऱ्या मार्गाचे पेटंट मागितले. इंजिनाच्या धुराबरोबर इंधनातल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा वाया जातो. त्या धुराच्या झोतावर एक चक्र फिरवायचे, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला पंखा लावायचा आणि त्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलायची, अशी त्याची कल्पना होती. बाहेर टाकायच्या धुरावर हवा भरून मिळते, म्हणून ती फुकट वाटते. हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे, कारण आम्हालाही तसेच वाटले होते.

ब्यूखीची कल्पना व्यवहारात यायला वीस वर्षे गेली आणि ती आली ती जहाजांत. 1920च्या दशकाच्या मध्याला 'प्रॉयसेन' आणि 'हान्सेस्टाट डान्झिग' या दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांना टर्बो बसवले गेले. त्यामुळे त्यांची ताकद 1750 अश्वशक्तीवरून 2500 झाली. डिझेल इंजिनाला ही जादा हवा मानवते. त्यात आधी नुसती हवाच दाबली जाते आणि इंधन शेवटच्या क्षणी फवारले जाते. त्यामुळे इंधन वेळेआधी पेटायची भीती नसते. आज घाटातून जाणाऱ्या बहुतेक प्रत्येक ट्रकला टर्बो असतो आणि त्याचे कोणाला कौतुकही वाटत नाही, त्याचे मूळ इथे आहे.

पेट्रोल इंजिनाचा स्वभाव वेगळा. तिथे हवा आणि पेट्रोल एकत्र होऊनच दाबले जातात. सायकलला हवा भरताना पंपाचे टोक हाताला पोळते हे सगळ्यांना ठाऊक आहे. दाबलेली हवा तापते. टर्बोने एकदा दाबलेली, तापलेली हवा सिलिंडरमध्ये पुन्हा दाबली जाते. ठिणगी पडल्यावर ज्वाला एका टोकाकडून पसरत जाते आणि अजून न पेटलेले मिश्रण पुढे कोपऱ्यात रेटले जाते. ते फार तापले, तर ज्वाला पोचायची वाट न पाहता एकदम, सगळेच्या सगळे पेटते. दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटतात. तोच तो खड्यांचा आवाज. आपले मिस्त्री त्याला नॉकिंग म्हणतात. या लाटा पिस्टनच्या माथ्यावरचा वायूचा पातळ, संरक्षक थर पुसून टाकतात आणि पेटत्या वायूची आच थेट अॅल्युमिनियमला लागते. अॅल्युमिनियम 660 अंशांना वितळते. ज्वालेचे तापमान त्याच्या कितीतरी वर असते. माझ्या कपाटातल्या पिस्टनचे भोक म्हणूनच फुटल्यासारखे दिसत नाही. मेणबत्तीने मेण पाघळावे तशा त्याच्या कडा आहेत.

टर्बोच्या आधी रस्त्यावर आला तो सुपरचार्जर. त्याचा पंखा धुरावर फिरत नाही, इंजिनच त्याला फिरवते. मर्सिडीजने 1921च्या बर्लिन प्रदर्शनात अशा गाड्या विक्रीला मांडल्या. त्यांची नावे आकड्यांची होती: 6/25/40, 10/40/65. पहिला आकडा कर भरण्यापुरता, दुसरा सुपरचार्जरविना मिळणारी अश्वशक्ती, तिसरा सुपरचार्जरसह. अॅक्सिलरेटर अगदी तळापर्यंत दाबला तरच पंखा जोडला जाई, एरवी तो स्वस्थ असे. इंजिन सतत जादा दाब सोसू शकणार नाही, याची ही मोकळी कबुलीच म्हणायची. इंग्लंडात टिम बर्किन या शर्यतवीराने आपल्या साडेचार लिटरच्या बेंटलीला सुपरचार्जर लावून घेतला. स्वतः डब्ल्यू. ओ. बेंटली यांचा त्याला विरोध होता. ताकद हवी तर इंजिन मोठे करा, हे त्यांचे मत. पन्नासेक गाड्या विकल्या गेल्या, छायाचित्रांत त्या अजूनही सर्वांत देखण्या दिसतात, आणि ल माँची शर्यत त्यांपैकी एकीनेही जिंकली नाही. बेंटलींचे म्हणणे हट्टी होते, पण त्या काळच्या पेट्रोलकडे पाहता मला ते बरोबरच वाटते.

दुसरीकडे पेट्रोलही सुधारत होते. 1921च्या डिसेंबरात अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली काम करणाऱ्या थॉमस मिजली यांना आढळले की पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग चिमूटभर मिसळले, की नॉकिंग थांबते. त्या चिमटीची किंमत जगाने पुढे पाऊणशे वर्षे फुप्फुसांतून आणि रक्तातून चुकवली. आपल्याकडे शिसेयुक्त पेट्रोल 2000 साली बंद झाले, म्हणजे आमच्या फियाटच्या नंतर एका वर्षाने. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

टर्बोला खरे शिक्षण मिळाले ते आकाशात. उंचावर हवा विरळ होते आणि इंजिन गुदमरते. 1918 साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचे लिबर्टी इंजिन ट्रकवर लादून कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या 14,109 फूट उंच शिखरावर नेले. समुद्रसपाटीच्या आसपास 350 अश्वशक्ती देणारे ते इंजिन शिखरावर 230 वर आले होते. टर्बो जोडल्यावर 356 झाले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची मोठी बाँबफेकी विमाने टर्बोच्या जोरावर उंचावरून उडत होती. त्यांना 100 ऑक्टेनचे पेट्रोल मिळे. काही लढाऊ विमानांत तर निकडीच्या वेळी इंजिनात पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण फवारायची सोय होती. त्या थेंबांची वाफ होताना मिश्रणातली उष्णता शोषली जाते आणि नॉकिंग टळते. हा उपाय उत्तम होता. पण विमानाचे इंजिन वापरणारी माणसे कोण होती, हेही पाहायला हवे. दाबाच्या काट्याकडे वैमानिक डोळ्यांत तेल घालून बघत असे, आणि विमान उतरले की मेकॅनिकांचा ताफा इंजिनावर तुटून पडे. कचेरीला उशीर झालेला माणूस गाडीकडे असे बघत नाही.

1962च्या वसंतात जनरल मोटर्सच्या दोन शाखांनी जवळजवळ एकाच वेळी टर्बोची मोटारगाडी सामान्य गिऱ्हाइकाला विकायला काढली. शेवरलेची 'कॉर्व्हेअर मोंझा स्पायडर' आणि ओल्ड्समोबिलची 'जेटफायर'. एकाच घरातल्या या दोन भावंडांनी एकाच प्रश्नाची दोन उलटी उत्तरे दिली, आणि मला या सगळ्या इतिहासातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

शेवरलेने कॉम्प्रेशन रेशो कमी केला. पिस्टन वर येताना मिश्रण किती पट दाबतो, त्याचा हा आकडा. तो 8 वर आणला, म्हणजे टर्बोने आधी दाबलेली हवा आत फार तापणार नाही. दाब मर्यादेत ठेवायला वेगळी झडपही नव्हती. सायलेन्सरच इतका अरुंद ठेवला की टर्बो फार उधळू नये. ताकद 150 अश्वशक्ती. टर्बो जागा होईपर्यंत गाडी मंद वाटे, पण रचना साधी होती आणि ती चालली.

ओल्ड्समोबिलच्या अभियंत्यांना हा मंदपणा नको होता. त्यांच्या हातात अॅल्युमिनियमचे 215 घनइंचांचे, साडेतीन लिटरचे सुंदर व्ही-8 इंजिन होते. (याच इंजिनाचा ब्युइक शाखेतला भाऊ पुढे ब्रिटिश रोव्हर कंपनीने घेतला आणि तो रेंज रोव्हरमध्ये कित्येक दशके धावला.) त्यांनी कॉम्प्रेशन रेशो 10.25 इतका चढा ठेवला आणि त्यावर टर्बो बसवला. बूस्ट जास्तीत जास्त पाच पौंड. आपण टायरमध्ये तीस पौंड हवा भरतो, तेव्हा पाच म्हणजे फार नव्हे. पण एवढ्या कॉम्प्रेशनवर तेवढीही नॉकिंगला पुरेशी होती. मग विमानातली युक्ती गाडीत आली. इंजिनच्या खोलीत एक छोटी टाकी, तिच्यात निम्मे शुद्ध पाणी, निम्मे मिथेनॉल आणि थोडे गंजरोधक. नाव दिमाखदार: 'टर्बो रॉकेट फ्लुइड'. बूस्ट वाढला की ते हवेबरोबर आपोआप फवारले जाई. ताकद 215 अश्वशक्ती, म्हणजे घनइंचाला एक. साध्या कार्बोरेटरवर हेच इंजिन 155 देत असे.

कागदावर ही रचना शेवरलेपेक्षा सरस होती असे माझे आजही मत आहे. तिचा घात त्या टाकीने केला. जोरात चालवणाऱ्याची टाकी लवकर रिकामी होई आणि ती भरायचे लोक विसरत. हे घडणार हे अभियंत्यांनीही जाणले होते. टाकी संपली की आणखी एक झडप मिटून बूस्ट रोखत असे. इंजिन वाचे, पण ज्या ताकदीसाठी जादा पैसे मोजले ती नाहीशी होई. मालक तक्रार घेऊन विक्रेत्याकडे जात. तिथल्या मेकॅनिकांनाही नळ्या, झडपा आणि दाबाखालची टाकी यांचे हे जाळे नीटसे उमगत नसे. दोन वर्षांत 9,607 गाड्या विकून जेटफायर बंद झाली. 1965 साली कंपनीने मालकांना टर्बो काढून साधा कार्बोरेटर फुकट बसवून द्यायची तयारी दाखवली, आणि अनेकांनी ती स्वीकारली. शाबूत टर्बोची जेटफायर म्हणूनच आज दुर्मीळ आहे.

जेटफायरच्या अपयशाचे खापर 'आळशी गिऱ्हाइका'वर फोडले जाते, ते मला पटत नाही. पेट्रोल, तेल, रेडिएटरचे पाणी, बॅटरीचे पाणी ही चार व्यवधाने माणूस आधीच सांभाळत होता. पाचवे व्यवधान ज्याच्या डोक्यात राहणार नाही, असा माणूस रस्त्यावर असणारच, हे धरूनच रस्त्याचे इंजिन बांधायला हवे.

युरोपने सत्तरच्या दशकात शेवरलेचा मार्ग धरला. बीएमडब्ल्यूने 1973 साली फ्रँकफर्टला '2002 टर्बो' दाखवली. कॉम्प्रेशन 6.9 पर्यंत उतरवलेले, दोन लिटरमध्ये 170 अश्वशक्ती, आणि पुढच्या पट्टीवर 'टर्बो' हा शब्द उलटा रंगवलेला. पुढच्या चालकाने आरशात वाचावा आणि बाजूला व्हावे! महिन्याभरात तेलसंकट आले, पश्चिम जर्मनीत काही रविवारी खासगी गाड्यांवर बंदी आली, महामार्गावर तात्पुरती वेगमर्यादा आली. 1,672 गाड्यांवर ते प्रकरण संपले. पोर्शची '911 टर्बो' पुढच्या वर्षी आली आणि तगली, पण तिचेही कॉम्प्रेशन 6.5 होते. कमी वेगात सुस्त आणि मग अचानक 260 अश्वशक्ती. वळणावर घाबरून पाय उचलला की मागची बाजू फिरे. अशी गाडी चालवणे हा पराक्रम असेल. दूध-भाजी आणायला ती नव्हे.

कोंडी फुटली स्वीडनमध्ये. साब ही कंपनी तेव्हा स्कॅनिया या ट्रक बनवणाऱ्या कंपनीशी जोडलेली होती आणि टर्बो डिझेलचा अनुभव घरातच होता. तिथल्या पेर गिलब्रांड या अभियंत्याने टर्बोकडे शर्यतीच्या नजरेने पाहिलेच नाही. 1977 साली दाखवलेल्या 'साब 99 टर्बो'मध्ये टर्बो लहान होता, मधल्या वेगातच जागा होई, आणि जादा धूर बाजूने सोडणारी झडप त्याचा दाब बांधून ठेवी. तरी कॉम्प्रेशन 7.2 च होते. नॉकिंगची भीती गेली नव्हती.

ब्युइकने 1978च्या टर्बो गाड्यांत इंजिनावर एक नॉक सेन्सर बसवला होता. तो आवाज 'ऐकून' ठिणगी थोडी उशिरा पाडायला लावी. गिलब्रांड यांच्या चमूने एक पाऊल पुढे टाकले. 1982च्या सुमारास साब 900 मध्ये आलेल्या एपीसी या प्रणालीत तसाच स्फटिकाचा सेन्सर इंजिनच्या ब्लॉकवर होता. खड्यांचा तो आवाज आपल्या कानी पडण्याआधीच त्याला कळे आणि तो थेट टर्बोची झडप उघडून दाब उतरवी. आवाज थांबला की दाब पुन्हा हळूहळू चढे. हलके पेट्रोल भरले तर गाडी थोडी कमी धावे, चांगले भरले तर जास्त. मालकाने काही लक्षात ठेवायचे नव्हते. या भरवशावर कॉम्प्रेशन 7.2 वरून 8.5 वर नेता आले. ओल्ड्समोबिलला जे हवे होते त्या दिशेने वीस वर्षांनी पाऊल पडले, आणि जेटफायरच्या टाकीला जमले नाही ते या सेन्सरने निभावले. इंटरकूलर, म्हणजे दाबलेली हवा सिलिंडरआधी थंड करणारा छोटा रेडिएटर, हा दुसरा मोठा आधार. पोर्शने तो 1978 मध्ये रस्त्यावरच्या 911 टर्बोला दिला होता.

नंतरची प्रगती मी झरझर सांगतो, कारण प्रश्न तोवर सुटला होता. 1989 ची निस्सान स्कायलाइन जीटी-आर दोन टर्बो घेऊन आली. जपानी कंपन्यांनी आपसांत ठरवलेल्या मर्यादेनुसार तिची ताकद 280 सांगितली गेली, आणि तिचा बिडाचा भक्कम ब्लॉक त्याहून कितीतरी जास्त सोसतो हे हौशी लोकांना लवकरच कळले. रस्त्यावरच्या गाडीचे इंजिन घरी किंवा छोट्या गॅरेजमध्ये उघडून अधिक बूस्टसाठी पुन्हा बांधायचे, हा जगभरचा छंद त्या पिढीच्या इंजिनांवर फोफावला.

त्यातले जाणते लोक कामाला कसे लागतात हे मी पुढे पाहिले आणि आमच्या फियाटची लाज वाटली. टर्बो ते शेवटी निवडतात. आधी ओतीव पिस्टन काढून घडीव पिस्टन घालतात. तापून फुगणाऱ्या रिंगांची टोके एकमेकांना भिडू नयेत म्हणून रिंगांमधली फट मुद्दाम जास्त ठेवतात. हेड गॅस्केट धातूचे घेतात. मोठे इंजेक्टर आणि मोठा पंप बसवतात, कारण जादा हवेला पेट्रोल कमी पडले की आच आणखी वाढते. बूस्टखाली ठिणगी किती मागे घ्यायची ते डायनोवर गाडी बांधून, कान देऊन ठरवतात. टर्बोच्या बेअरिंगला स्वच्छ तेल मिळत राहील आणि गरम टर्बोत तेल जळून कोळसा होणार नाही, हेही बघतात. आपल्याकडे सुरुवातीच्या टर्बो डिझेल जीपवाले गाडी थांबवल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवत, ते याचसाठी. आम्ही यातले फक्त तेलाचे बघितले होते. ठिणगीची वेळ मूळच्या फियाटची, कार्बोरेटरचे जेट मूळचे, इंटरकूलर नाही, आणि पेट्रोल कोपऱ्यावरच्या पंपावरचे.

आज आपल्याकडे एक लिटरच्या घरगुती गाडीलाही टर्बो असतो. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, त्याची वाफ होताना तिथली आच उतरते; म्हणजे जेटफायरच्या टाकीचे थोडेफार काम आता पेट्रोलच करते. त्यात मिसळलेले, काही प्रमाणात आपल्या उसाच्या मळीतून आलेले इथेनॉल हेच करते आणि साध्या पेट्रोलपेक्षा जास्त करते. मिथेनॉलचे ते चुलत भावंडच.

मध्यंतरी अशाच एका गाडीतून, मुलगा चालवत असताना, जुन्या कात्रज घाटाने गेलो. चढावर त्याने पाय दाबला. शिट्टी ऐकू आली नाही, मधला थबकलेला क्षणही आला नाही, गाडी नुसती चढत गेली. मी सवयीने खिडकीची काच खाली करून खड्यांचा आवाज येतो का ते ऐकत होतो. मुलाने विचारले, "बाबा, काय झालं? पंक्चर आहे का?"